एका दिवसाची अट

वहिनीने पदक दाताखाली धरलं आणि चावलं. पोस्टमन अजून दारातच होता. रजिस्टर पाकिटावर नाव तिचं होतं, आणि बाबा सही करायला पुढे झाले तेव्हा तो म्हणाला होता, "तुमची नाही चालत, बाबूजी. ज्याचं नाव, त्याची सही." म्हणून तिला स्वयंपाकघरातून हाक मारावी लागली. ती हात पुसत आली, मराठीत वच्छला एवढंच लिहिलं, पाकीट फाडलं, आतली पुठ्ठ्याची डबी उघडली, गोल चकती दोन बोटांत धरली आणि कोणाला काही कळायच्या आत ती तोंडात घालून डाव्या बाजूला दाबली. त्या बाजूचा वरचा सुळा अर्धाच आहे. कर्र असा बारीक आवाज झाला. आई म्हणाली, "अवं, काय करून राहिली? सुपारी आहे काय ती?" वहिनी म्हणाली, "चांदी हाये का पाहून राहिली, आत्याबाई." मग तिने पदक पदराला पुसलं आणि बाबांच्या हातावर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो आवाज मात्र माझ्या जबड्यात उतरला आणि दिवसभर तिथेच राहिला, वाळू चावल्यासारखा. तो सुळा अर्धा कसा झाला ते मला माहीत होतं. तारखेसकट माहीत होतं.

बाबांना इंग्रजी येतं. तीस वर्षं कचेरीत त्यांनी दुसरं काही केलं नाही. पण घरात कागद मोठ्याने वाचायचा असला की ते मला बसवतात, कारण मी बी.एस्सी. झालो आहे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर आहे, आणि त्यांच्या मते सायन्सचा मुलगा वाचताना चुकत नाही. पाकिटात सायक्लोस्टाइल केलेले दोन कागद होते, पदकाचं स्वरूप आणि पात्रतेचे नियम. मी आधी पिशवीतून व्हर्नियर काढला, कारण वाचलेलं आणि मोजलेलं जुळतं का हे पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कलम एक: आकार गोल, व्यास पस्तीस मिलिमीटर, धातू तांबं आणि निकेल यांचं मिश्रण, पुढे राजमुद्रा, मागे उगवता सूर्य आणि त्याखाली तीन आडव्या रेघा. मी मोजलं, पस्तीस पूर्णांक शून्य. कलम दोन फितीबद्दल, बत्तीस मिलिमीटर रुंद, हिरव्यावर तांबडा पट्टा. कलम तीन: धारकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कडेवर ठोकलेलं असेल. कडेवर खरंच दादाचं, युद्धात गेलेल्या माझ्या मोठ्या भावाचं, नाव होतं, एकेक अक्षर वेगळं ठोकलेलं. त्यातलं एक जरा तिरपं पडलं होतं. ठोकणाऱ्याचा हात दमला असावा. कलम चार: ठरवून दिलेल्या क्षेत्रात किमान एक दिवस सेवा केलेली असावी. कलम पाच: त्या क्षेत्रात मृत्यू आला किंवा जखम झाली तर मुदतीची अट राहणार नाही. कलम सहा: पदक छातीच्या डाव्या बाजूला लावावं. "आणि सात?" बाबांनी विचारलं. त्यांना सातचा आकडा दिसत होता. मी म्हणालो, "सात नुसतंच कार्यालयीन आहे." कलम सात असं होतं की मरणोत्तर दिलेलं पदक वारसाच्या मालकीचं राहील, वारसाचा क्रम विधवा, मग मुलगे, मग वडील, आणि वारसाच्या मर्जीशिवाय ते दुसऱ्या कोणाला ताब्यात घेता येणार नाही. मी कागद घडी करून परत पाकिटात घातला. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मी कुठे थांबलो होतो ते तिने पाहिलं होतं.

आमच्या देवघरात एक वीर आहे. दोन बोटं रुंदीचा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेला घोडेस्वार, हातात तलवार, नाक झिजून सपाट झालेलं. भोसल्यांच्या फौजेत असलेला आमचा कोणी पूर्वज सीताबर्डीच्या लढाईत पडला, त्याचा तो टाक. रोज सकाळी घरातल्या सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं. लहानपणी माझा समज होता की नाक तलवारीने गेलं. पुढे घर्षण शिकल्यावर कळलं की ते आमच्याच बोटांनी गेलं. बाबांनी पदक त्या टाकाशेजारी धरून पाहिलं आणि म्हणाले, "दीडशे वर्षांनी या घरात दुसरा वीर आला. रविवारी बसवू. बकरा सांगतो. आणि अक्षयतृतीयेला मधुसूदनच्या नावाची घागर." ते फार दिवसांनी ताठ उभे होते. वीर बसवायची आमच्या घरातली रीत त्यांनी पुन्हा एकदा मला सांगितली, जणू परीक्षेला बसवताहेत. मेलेल्याच्या सर्वांत जवळच्या माणसाने जमलेल्यांसमोर त्याचा पराक्रम सांगायचा. सांगून झाला की जमलेल्यांनी "खरं आहे" म्हणायचं. मगच टाक देवात बसतो. कोणी "खरं आहे" म्हटलं नाही तर बसत नाही. "बायको आहे, तीच जवळची," बाबा म्हणाले. "चार वाक्यं तिला पाठ करून दे. देशासाठी लढला, मागे हटला नाही, असं काहीतरी."

टाक म्हणजे ठोकलेला पत्रा हवा, आणि कागद काहीही म्हणो, सरकार वीराला चांदीच देणार असं बाबांचं मत, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही इतवारीत सराफाकडे गेलो. चंद्रभान सराफ बाबांचा जुना ओळखीचा. त्याने पदक कसोटीच्या काळ्या दगडावर घासलं, रेघेवर काचेच्या काडीने तेजाबाचा थेंब सोडला आणि वाकून पाहू लागला. रेघ हिरवी होत गेली, तिच्यावर बारीक बुडबुडे आले आणि ती विरत गेली. "कृष्णकांतराव, चांदी नाही गा हे. गिलट आहे." बाबा म्हणाले, "नीट पहा." "नीटच पाहून राहिलो. पोराले विचारा न, सायन्सवाला आहे." मी म्हणालो, "तांबं आणि निकेल. आठ आण्याच्या नाण्याचा धातू." चंद्रभान हसला. "म्हंजे जीव घेतला अन् वरून आठ आणे देल्ले सरकारनं." बाबांनी त्याच्या गल्ल्याच्या पेटीवर हात आपटला. तराजूची पारडी हलली. "तोंड सांभाळ, चंद्रभान." त्याने पदक फडक्याने पुसून परत दिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ठोकाले गेलं तं तडकन हे. आहे तसंच बसवा." त्या हिरव्या रेघेकडे मी पुन्हा पाहिलं. तेजाब धातू खातं तेव्हा आवाज करत नाही, हे मला नेहमीच विचित्र वाटत आलं आहे. इतकं मोडतं, इतकं तुटतं, आणि ऐकू काहीच येत नाही. आमच्या घरात उलट होतं. ऐकू सगळं यायचं.

मधुसूदन म्हणजे मधुदादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, फौजेत ट्रकचा ड्रायव्हर. मला तो आवडायचा, हे मी इथे लिहून ठेवलं पाहिजे, कारण मोजमापात आवडतं तेवढंच मोजायचं असं चालत नाही. त्याने मला चालत्या ट्रकमध्ये मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला दिलं होतं. त्याच्या हातांना डिझेलचा वास यायचा आणि त्याची बोटं इतकी जाड होती की माझा आख्खा पंजा त्याच्या मुठीत मावायचा. वर्षातून दोन महिने तो रजेवर यायचा, बहुतेक वेळा उन्हाळ्यात. लग्न झालं तेव्हा वहिनी अठराची होती. कुहीजवळच्या खेड्यातली, धानाच्या बांध्यांत वाढलेली, भरभर चालणारी. पहिल्या रजेत, लग्नाला महिना झाला नसेल, दुपारी जेवणं झाल्यावर त्यांच्या खोलीचं दार लागलं आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला. ओल्या कपड्याचा पिळा दगडावर आपटावा तसा. मग पुन्हा. मध्ये माणसाचा आवाज नव्हता. तिचा नव्हता, त्याचाही नव्हता. बाबांनी उठून रेडिओ मोठा केला. आई तांदूळ निवडत होती, ती निवडत राहिली. फक्त तिची बोटं सुपात थांबायची आणि पुन्हा चालू व्हायची, आतल्या आवाजाच्या तालावर. त्या वर्षी मी तेरा वर्षांचा होतो आणि मला शाळेत विज्ञानाच्या बक्षिसात थर्मामीटर मिळाला होता.

युद्ध लागलं त्या डिसेंबरात तो गेला. त्याचा ट्रक ठरवलेल्या क्षेत्रात शिरून अठरा तास झाले होते तेव्हा चाकाखाली सुरुंग फुटला. म्हणजे एका दिवसाची अट पुरी झाली नव्हती. त्याला कलम पाच लागू झालं. त्याच्या एका सोबत्याचं पत्र आलं होतं, की मधुसूदनला काही कळलंसुद्धा नाही. लोक असं लिहितातच. पण मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि मी ते तपासून पाहिलं. स्फोटाची लाट स्फोटकातून सेकंदाला सात हजार मीटरच्या आसपास वेगाने जाते. माणसाच्या मज्जातंतूतून वेदना त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेसुद्धा धावत नाही. लोखंड, डिझेल, तांदळाची पोती, दादाचे ते जाड बोटांचे हात, सगळं फुटून हवेत गेलं तेव्हा त्याच्या पायाकडून निघालेली बातमी गुडघ्यापर्यंतसुद्धा पोहोचली नसणार. सोबत्याचं म्हणणं बरोबर होतं. त्या गणिताखाली मी दोन रेघा ओढल्या आणि मला एकदम राग आला. रडू आलं नाही, राग आला. त्याला काहीच कळलं नाही, हे मला फार अन्यायाचं वाटलं. कोणावर अन्याय, ते मी त्या वेळी स्वतःशी स्पष्ट केलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी मागच्या अंगणात हात धूत होतो तेव्हा वहिनी मोरीवर भांडी घासत होती. अंगण भट्टीसारखं तापलं होतं, राखेचा वास येत होता. तिने वर न पाहता विचारलं, "भाऊजी, त्या कागदात काय हाये?" मी म्हणालो, "पदक कसं असतं, कोणाला मिळतं, ते." "कोनाले मिळते?" "जो त्या भागात हजर होता त्याला." "किती दिस?" "एक दिवस." तिचा हात थांबला. "एकच?" "एकच. आणि जखम झाली किंवा मेला तर तोही लागत नाही." ती हसली. तिचं हसणं मी किती दिवसांनी पाहिलं ते मला सांगता येणार नाही. अर्धा सुळा दिसला. "आन् म्या सहा वर्सं काढली," ती म्हणाली. तिने डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात माझ्यासमोर धरला. कोपराखाली पांढरट वण होता, दोन सरळ रेघा एका कोपऱ्यात मिळालेल्या. पट्ट्याचं पितळी बकल. तो कोन बरोबर नव्वद अंशांचा होता, हे मला दिसलं, आणि हे मला दिसावं याची मला किळस आली. "हे बसते का तुमच्या कागदात?" नळ तसाच वाहत होता.

ती म्हणाली, "माह्या भावाचं पत्र आलं. गावात बालवाडी सुरू होऊन राहिली, बाई पाहिजे. सातवी पास चालते. म्या मामाजीले सांगितलं तं ते म्हनते, वीराची बायको अशी बाहेर नाही जात, देवापाशी राह्यते." तिने कढई पालथी घातली आणि चोथ्याने तळ घासू लागली, जोरजोरात, खांद्यापासून. "रविवारी ते देवात बसलं का मी बी बसली. रोज सकाळी त्याच्या पाया पडा लागन मले. ज्या हातानं..." पुढचं तिने घासण्याच्या आवाजात घातलं. मग सरळ विचारलं, "भाऊजी, ते पाकीट माह्या नावानं आलं. सही माही घेतली. ते हाये कोनाचं?" मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. तुमचं. तीन अक्षरं. मी म्हणालो, "बघतो." नळ बंद करून आत आलो. मागे कढईचा आवाज बराच वेळ येत राहिला आणि मला वाटलं, ती तळाला भोक पडेपर्यंत घासणार.

तो थर्मामीटर आता थांबून सांगायला हवा, कारण त्याच्याशिवाय रविवारचं काही समजणार नाही. मी तो ओसरीच्या भिंतीला खिळा ठोकून टांगला होता, कारण तापमान सावलीत मोजायचं असतं आणि घरात दुपारची सावली तिथेच होती. दिवसाचं कमाल तापमान मी अडीच वाजता घ्यायचो. त्यासाठी दोनशे पानी वही केली होती. तारीख, कमाल, आकाश, वारा. थर्मामीटरच्या उजव्या हाताला दादाच्या खोलीचं दार होतं. पहिल्यांदा आवाज आला त्या दिवशी त्रेचाळीस पूर्णांक दोन होतं, आणि मी आकडा लिहून त्याच्यापुढे पेन्सिलने एक टिंब दिलं. का दिलं ते सांगता येत नाही. एखादी नोंद विसरू नये म्हणून आपण खूण करतो, तसं. पुढच्या वेळी पुन्हा दिलं. टिंबाचा अर्थ वहीत कुठेही लिहिलेला नाही. सहा रजा, एक्केचाळीस टिंबं. मी त्यांचा आलेखही काढून पाहिला होता, उष्मा आणि टिंबं यांचा काही संबंध लागतो का. नाही लागला. बेचाळीस अंशांवरही टिंब होतं, चौतीसवरही होतं. तेवढ्यावरून मी एवढाच निष्कर्ष काढला की हे उन्हामुळे नाही. आणि वही बंद केली. मी एकदाही दार वाजवलं नाही. मोजणाऱ्याने मोजायच्या गोष्टीला हात लावला की नोंद बिघडते, हे मला नवव्या इयत्तेत शिकवलं होतं आणि ते मला फार सोयीचं पडलं.

शनिवारी मी वहिनीला पाठ करायची चार वाक्यं एका कागदावर लिहून दिली. तिने ती वाचली, घडी घातली आणि चुलीत टाकली. मला दाखवून टाकली. तरी मी बाबांना काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळीच अंगण माणसांनी भरलं. बाबांचे चुलतभाऊ, गल्लीतले चौघे-पाच, चंद्रभान सराफसुद्धा आला होता, बहुधा पेटीवर आपटलेल्या हाताची भरपाई म्हणून. बकरा कडुनिंबाला बांधला होता. तो मुकाट्याने पाला खात होता. खाटकाने त्याच्या कपाळावर पाणी शिंपडलं, तो थरथरला, म्हणजे त्याने होकार दिला, सगळे म्हणाले, "दिला, दिला," आणि एका घावात मान गेली. धड पडलं, पण पाय धावत राहिले, जमिनीवर आडवे, जणू त्यांना अजून कळवलंच गेलं नव्हतं. रक्त पितळी परातीत धरलं गेलं. उन्हात ते लगेच दाट होऊ लागलं, कडेने साय धरल्यासारखं. कोणीतरी म्हणालं, "जोरदार आहे बकरा, वीराले शोभते." बाबांनी पदक देवघरातून पाटावर आणलं, परातीत करंगळी बुडवून त्याच्यावर टिळा लावला. राजमुद्रेच्या खाचांत रक्त बसलं. मी पाहिलं, कडेवरच्या नावातही एक ओघळ गेला होता आणि ते तिरपं अक्षर आता सर्वांत स्पष्ट दिसत होतं. "वच्छला," बाबांनी हाक मारली. "ये. पराक्रम सांग."

वहिनी आली. ती इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती आणि तिच्या हातात कापडी पिशवी होती. ती पिशवी कुणाच्या लक्षात आली नाही. ती पाटासमोर उभी राहिली. "मी वच्छला. त्यायची बायको," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला. "पराक्रम सांगते. पहिल्या रजेत त्यायनं मले हातानं मारलं. दुसऱ्या रजेत पट्ट्यानं. तिसऱ्या रजेत माहा दात तोडला, म्या भाजीत मीठ जास्त टाकलं म्हून. चवथ्या रजेत मी दोन महिन्याची होती. त्यायनं पोटात लाथ मारली. पोर गेलं. पाचव्या—" "बस!" बाबा ओरडले. त्यांच्या करंगळीवरचं रक्त वाळलं होतं आणि ती करंगळी हवेत तशीच ताठ राहिली होती. "मेलेल्या माणसावर खोटं बोलते? देवासमोर?" पाहुणे जमिनीकडे पाहत होते. खाटीक सुरी धुवत होता, त्याने पाणी थांबवलं. "कोण म्हणेल हे खरं? आहे कोणी? केशव!" बाबा माझ्याकडे वळले. "तू घरातच होतास. सायन्सचा मुलगा आहेस. सांग सगळ्यांना, हे खोटं आहे म्हणून."

मी घरात गेलो. मला वाटतं, सगळ्यांना वाटलं की मी पळालो. ट्रंकेतली वही आणि पाकिटातले कागद घेऊन मी परत आलो. मला आतून हलकं वाटत होतं, वर्षानुवर्षं साठवलेलं काहीतरी आता कामाला येणार असं वाटत होतं. मी तिला वाचवणार होतो. आधी मी कलम सात वाचलं, इंग्रजीतून आणि मग मराठीतून. पदक विधवेचं. तिच्या मर्जीशिवाय कोणालाही देवात बसवता येणार नाही. बाबांनी माझ्या तोंडात मारली. कानात शिटी वाजू लागली, ओठ आतून फाटला, पण मी वही तिसऱ्या रजेच्या पानावर उघडली आणि वाचत राहिलो. "चौदा मे. त्रेचाळीस पूर्णांक आठ. टिंब. सतरा मे. चव्वेचाळीस पूर्णांक एक. टिंब. टिंब म्हणजे त्या दिवशी दादाने वहिनीला मारलं. एकवीस मे, त्रेचाळीस पूर्णांक पाच, टिंब, हा दाताचा दिवस. अशी एक्केचाळीस आहेत. बाबा, ती खोटं बोलत नाही. माझ्याकडे नोंद आहे."

"थांबा," वहिनी म्हणाली.

मी वर पाहिलं. मला वाटलं होतं की तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ झालं असेल. ती माझ्याकडे अशी पाहत होती की मी तोंडातलं रक्त गिळलं.

"हे कवा लिहिलं?"

"तेव्हाच."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. अडीच वाजता."

"कोठी उभे राहून?"

"ओसरीत. थर्मामीटरपाशी."

"दारापाशी."

"हो."

"दार किती दूर होतं तुमच्यापासून?"

मला ते माहीत होतं. थर्मामीटर टांगताना मी मोजलं होतं. "अडीच फूट," मी म्हणालो.

"मले वाटे," ती सावकाश म्हणाली, "का तुमी लहान हाये. तुमाले समजत नाही. आतून मले वाटे, बाहेर कोनाले ऐकू नाही येत, म्हून कोनी येत नाही. रेडिओ चालू राहे न." ती वहीकडे पाहत होती. "एक्केचाळीस. माह्यापाशी तं हिशेब बी नाही. तुमी मोजत होते." मग तिने खाली वाकून पाटावरचं पदक उचललं. बाबा पुढे झाले, पण चंद्रभानने त्यांच्या दंडाला धरलं. तिने पदकावरचा रक्ताचा टिळा पुसला नाही. ब्लाउजची सेफ्टी पिन काढली, फितीतून ओवली, आणि माझ्या सदऱ्याच्या डाव्या बाजूला, कलम सहाप्रमाणे नेमकं जिथे लावायचं तिथे, टोचली. पिन सदऱ्यातून, बनियनमधून आत गेली. कातडीत गेली. मी हललो नाही. तिने ती तशीच आत दाबून बंद केली.

"घ्या. माह्या मर्जीनं देऊन राहिली," ती म्हणाली. "तुमी बी होते न त्या भागात, भाऊजी. एक दिस पुरते म्हने."

तिने पिशवी खांद्याला लावली आणि कुहीची बस धरायला निघाली. कोणी अडवलं नाही. दाराशी तिने चपला घातल्या, त्याचा आवाज आला. पदकाचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास असावं, पण ते छातीवर ओढत होतं आणि पिनेच्या भोवती ओलसर उष्ण काहीतरी पसरत होतं. बकऱ्याचे पाय केव्हाच थांबले होते. बाबा रिकाम्या पाटाकडे पाहत होते. रीतीप्रमाणे आता काहीतरी म्हणायचं होतं आणि अंगणात कोणी तोंड उघडत नव्हतं. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, जिथे ती सहा उन्हाळे तांदूळ निवडत बसली होती, तिथून आई म्हणाली, "खरं आहे."